जुना पादचारी पूल सगळ्यांना ओलांडता यावा म्हणून गावानं काय करायचं

आमचं गाव आणि बसथांबा यांच्या मधे नदी आहे. वर्धा नदीला जाऊन मिळणारी, उन्हाळ्यात डोहापुरती उरणारी आणि श्रावणात एका रात्रीत काठ सोडणारी. तिच्यावर लोखंडी गर्डरचा जुना पादचारी पूल आहे. गावाकडून चढायला आठ पायऱ्या, पलीकडे उतरायला पाच. आईचे गुडघे गेले तसं तिनं आठवडी बाजाराला जाणं सोडलं. आम्हाला वाटलं, वय झालं, कंटाळली असेल. एक दिवस सहज म्हणाली, "मले पुलाचं भेव नाही लागत रे, त्या पायऱ्याइचं लागते. धराले काहीच नाही तिथं."

आठ पायऱ्यांनी एका बाईचा बाजार, दवाखाना आणि माहेर तोडलं होतं, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. पुढची तीन वर्षं गावानं त्या पुलासाठी जे केलं, त्यात काही कामं जमली, काही चुकली आणि काही पुन्हा करावी लागली. विदर्भात असे पूल गावोगावी आहेत. ज्यांना हात घालायचा आहे त्यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. क्रमाला महत्त्व आहे. आम्ही तो उलटा धरला आणि एक हंगाम वाया घालवला.

आधी शोधा: पुलावर दिसत नाही तो कोण

पुलावर उभं राहून येणारे-जाणारे मोजू नका. ज्यांना पूल जमतो तेच तिथं दिसतात. घरोघरी जा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या, कारण कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना ठाऊक असतं. प्रश्न एकच ठेवा: "पलीकडे शेवटचं कधी गेले होते, आणि मग का नाही गेले?"

आमच्या यादीत तीनचाकी सायकलवाला एक भाऊ येईल, हे आम्ही धरूनच होतो. यादी मात्र त्याच्यापाशी थांबली नाही. दिवस भरत आलेल्या लेकी होत्या. नजर अधू झालेले, संध्याकाळनंतर घराबाहेर न पडणारे आबाजी होते. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन पलीकडच्या वावरातून परतणाऱ्या बाया होत्या. गाठोड्यामुळे त्यांना पायाखालचं दिसतच नाही. आणि दोन गट असे होते, जे आपल्या भागात विसरून चालणार नाहीत.

पहिला सिकलसेलचा. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरच्या ओळखीचा आहे. सिकलसेलवाली पोरगी चालताना धडधाकट दिसते, पण चढाला तिला दम लागतो, आणि कित्येकांचा खुब्याचा सांधा तरुणपणीच झिजतो. तिला रॅम्पपेक्षाही मधे टेकायला जागा हवी असते. दुसरा गट कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याच्या आनंदवनात १९४९ पासून ज्यांच्यासाठी काम चाललं आहे, ती माणसं आज गावागावात घरसंसार करून राहतात. त्यांच्या हातापायाला अनेकदा स्पर्श कळत नाही. रेलिंगची धारदार कड किंवा वर आलेला खिळा त्यांना जाणवत नाही, जखम घरी गेल्यावर दिसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यात सिकलसेल आहे आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्तीही आहेत. कागद लिहिताना हे उपयोगी पडतं.

मग येरझार मोजा, नुसता पूल नाही

यादीतल्या चार-पाच जणांना विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्यासोबत घरापासून बसथांब्यापर्यंत जा. त्यांच्या पुढं चालू नका, मागं राहा. जिथं ते थांबतील तिथं खडूनं खूण करा, फोटो काढा, आणि का थांबले ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा.

ही येरझार तीनदा करायची: एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडल्यावर आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. आमचा सगळा आराखडा पावसातल्या फेरीनं बदलला. तोवर आम्ही फक्त पायऱ्यांचा विचार करत होतो. पावसात कळलं, तीनचाकी पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही. पांदण रस्त्यावरून पुलाकडे वळताना जी काळी माती आहे, तिथंच चाकं रुततात. पूल सुधारून तो चाळीस पावलांचा चिखल तसाच राहिला असता, तर रॅम्पचा फोटो पेपरात आला असता आणि तो भाऊ घरीच बसला असता.

मोजायला टेप, चार मीटरची पारदर्शक नळी आणि पाणी एवढं पुरतं. नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतो, तशीच रस्ता आणि पुलाचा चालायचा तळ यांच्यातली उंची काढा. शिवाय पुलाची रेलिंगच्या आतली मोकळी रुंदी घ्या, सर्वांत अरुंद जागेची. पाट्यांमधल्या फटी मोजा. प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजा. जुन्या पायऱ्या सहसा एकसारख्या नसतात, आणि माणूस पडतो तो त्या वेगळ्या पायरीवरच. गावातली तीनचाकी स्वतः मोजा, तिची रुंदी आणि वळायला लागणारी जागा. छापील मापांपेक्षा ते माप खरं.

अभियांत्रिकी महाविद्यालयं उन्नत भारत अभियानात गावं दत्तक घेतात. तुमच्या तालुक्याला असं महाविद्यालय लागू असेल तर विद्यार्थ्यांकडून याच मापांचा नकाशा काढून घ्या. पुढं अभियंत्यासमोर बसताना हातात नकाशा असला की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं.

पूल उभा राहण्याजोगा आहे का

ही पायरी आम्ही वगळली होती, म्हणून इथं जास्त लिहितो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीचा झुलता पादचारी पूल तुटून १३५ माणसं गेली. तो दुरुस्तीनंतर नुकताच उघडला होता. १५ जून २०२५ ला पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जुना पूल सोयीचा करणं म्हणजे त्याच्यावर जास्त माणसं बोलावणं. आधी पूल ते पेलेल का, हे पाहिल्याशिवाय एक विटही लावू नये.

गावानं करायची तपासणी साधी आहे. उन्हाळ्यात पाणी कमी असताना खाली उतरा. खांबांच्या पायथ्याशी पुरानं माती खरवडून पोकळी केली आहे का, ते बघा. पाया उघडा दिसत असेल तर काम तिथंच थांबवा. गर्डर खांबावर टेकतात ती जागा बघा, तिथं पानं आणि गाळ साठून ओल धरते आणि लोखंड तिथंच आधी खातं. हातोडीनं हलकं ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात. नट-बोल्ट हातानं फिरतात का ते पाहा. प्रत्येक ठिकाणी पट्टी ठेवून फोटो घ्या.

ही तपासणी अभियंत्याला बोलवायला पुरेशी आहे, पूल सुरक्षित म्हणायला नाही. त्यासाठी रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे पुलाच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी हवी. ती मालक विभागानं करायची असते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्था अशी तपासणी करून देतात. अभियंत्याला एक प्रश्न नक्की विचारा: हा पूल दर चौरस मीटरला किती भार घेईल? पादचारी पुलांसाठी रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा भार चौरस मीटरला ४०० किलोचा आहे, आणि जिथं यात्रा-जत्रेची गर्दी होते तिथं ५०० किलोचा. तुमच्या नदीकाठी महाशिवरात्रीला किंवा पोळ्याला गर्दी होत असेल तर ते अर्जात लिहा.

आता आमची चूक. पाट्या खडबडीत होत्या, म्हणून त्यावर काँक्रीटचा थर टाकून तळ गुळगुळीत करायचा, असं वर्गणी काढून ठरलं होतं. रेती येऊन पडली होती. एका निवृत्त शाखा अभियंत्यानं आम्हाला थांबवलं आणि खडूनं पुलावरच हिशेब मांडला. पूल ३० मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे ४५ चौरस मीटर. दोन इंचाचा म्हणजे ५ सेंटिमीटरचा थर घातला तर सव्वादोन घनमीटर काँक्रीट. एका घनमीटरचं वजन सुमारे २,४०० किलो. म्हणजे माणूस चढायच्या आधीच पुलाच्या पाठीवर ५,४०० किलोचं कायमचं ओझं. आमचे हातपाय गार पडले. ती रेती नंतर रस्त्याच्या कामाला लागली.

पुलाचा धनी शोधा

जुन्या पादचारी पुलाचं मोठं दुखणं म्हणजे तो कोणाच्याच वहीत नसतो. कोण्या काळी एखाद्या निधीतून बांधला, उद्घाटन झालं, आणि पुढं कोणी नोंदवून घेतला नाही. धनी सापडल्याशिवाय ऑडिट नाही, अंदाजपत्रक नाही, दुरुस्तीही नाही.

ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या आणि रस्त्यांच्या नोंदवहीपासून सुरुवात करा. तिथं नसेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, मग सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि जवळ कालवा किंवा बंधारा असेल तर जलसंपदा विभाग. तोंडी विचारपूस दोन आठवडे करा, त्यापुढं माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचं एवढंच: पूल कोणत्या वर्षी, कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी खर्चाच्या खात्यातून) बांधला, सध्या कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली, नकाशा उपलब्ध आहे का.

आम्हाला एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं आणि दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. शेवटी दोघांची लेखी उत्तरं एकत्र जोडून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला, तेव्हा संयुक्त पाहणी लागली. "आमच्याकडे नाही" हे उत्तरही लेखीच घ्या. तोच कागद पुढं कामाला येतो.

रॅम्पची जागा कोणाची, हेही याच वेळी पाहा. नदीपात्र सरकारचं असतं, पण काठाला लागून कोणाचं तरी वावर असतं. शेतकरी तोंडानं "घ्या ना भाऊ" म्हणतो आणि ते मनापासून असतं, तरी पुढच्या पिढीत वाद होतो. जागा लागणार असेल तर दानपत्र नोंदवून घ्या.

रॅम्पचं गणित

इथं घाई करणारे फसतात. पायऱ्यांवर सिमेंटचा लेप देऊन केलेली घसरगुंडी रॅम्प नसते. तसल्या उतारावर तीनचाकी उलटते, आणि म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या परवडल्या असं होतं.

केंद्राची सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१६ ची आणि सुधारित २०२१ ची. त्यांच्यानुसार उतार जास्तीत जास्त १ ला १२ हवा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. रुंदी किमान १२०० मिलिमीटर. दर ९ मीटरला दम खायला सपाट टप्पा, दीड मीटरचा. सुरुवातीला आणि शेवटीही तसाच टप्पा.

आमचं उदाहरण घ्या. आठ पायऱ्या, दर पायरी १५ सेंटिमीटर, चढ १.२ मीटर. १ ला १२ नं रॅम्पची लांबी १४.४ मीटर. मधला एक आणि दोन्ही टोकांचे दोन टप्पे धरून जवळपास १९ मीटर. हातानं चालवायची तीनचाकी एकट्यानं चढवायची असेल तर १ ला १५ चा उतार खूप सोपा जातो. मग रॅम्पच १८ मीटरचा होतो आणि टप्पे धरून साडेबावीस मीटरपर्यंत जातो. एवढी सरळ जागा काठावर क्वचित मिळते. अशा वेळी रॅम्प मधल्या टप्प्यावरून उलटा वळवायचा. वळणाच्या टप्प्यावर तीनचाकी फिरली पाहिजे, म्हणून तो तुमच्या गावच्या तीनचाकीनं जमिनीवर चुन्याची रेघ आखून आधी फिरवून बघा. आम्ही शाळेच्या मैदानात पूर्ण रॅम्प फक्कीनं आखला आणि त्या भावाला फिरायला सांगितलं. त्यानं वळण एक हात रुंद करायला लावलं. कागदावर ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पायऱ्या तोडू नका. गुडघे दुखणाऱ्या बऱ्याच जणांना लांब उतारापेक्षा चार बुटक्या पायऱ्या आणि धरायला पाइप बरा वाटतो. आईचंही तेच म्हणणं पडलं. पायऱ्यांची उंची सारखी करून घ्या आणि प्रत्येकीच्या कडेला दोन इंच पिवळा पट्टा ओढा, म्हणजे अधू नजरेला कड दिसते.

रॅम्पचा भराव नदीच्या वाटेत ढकलू नका. काठावरून पात्रात शिरलेला भराव पुराचं पाणी अडवतो, पाणी बाजूनं काठ कापतं आणि एका पावसाळ्यात रॅम्पही जातो, काठही जातो. रॅम्प काठाच्या आत, गावाच्या बाजूला वळवा. आणि काळ्या मातीवर थेट काँक्रीट कधीच टाकू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, तिच्यावरची फरशी दोन वर्षांत फुटते. काळी माती काढून मुरूम भरायचा, १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. किती खोल काढायची ते अभियंता जागा पाहून सांगेल.

रेलिंग, तळ आणि चाकाची कड

धरायचा पाइप दोन उंचींवर हवा: एक ८५० ते ९०० मिलिमीटरवर उभ्या माणसासाठी, दुसरा ७०० ते ७५० वर लेकरांसाठी आणि तीनचाकीवाल्यांसाठी. जाडी मुठीत मावेल अशी, ३८ ते ४५ मिलिमीटर. रॅम्प संपला तरी पाइप ३०० मिलिमीटर पुढं न्या आणि टोक गोल वळवून खाली घ्या, म्हणजे पदर किंवा पिशवी अडकत नाही.

आपल्या उन्हाचा विचार कोणत्याही छापील मार्गदर्शिकेत नसतो. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात लोखंडी पाइपला हात लागत नाही, आणि ज्याला चटका कळतच नाही त्याचा हात भाजतो. पाइपला पांढरा किंवा अगदी फिका रंग द्या आणि मुठीत धरायच्या वरच्या पाइपवर उन्हात टिकणारी प्लास्टिकची नळी चढवा. सगळे वेल्ड घासून गुळगुळीत करा. काम झाल्यावर पूर्ण पाइपवरून सुती कापडाचा बोळा फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं पुन्हा घासा.

पूल पुरात बुडत असेल तर रेलिंगची जाळी दाट करू नका. तिच्यात झाडझाडोरा अडकतो आणि पाण्याचा सगळा रेटा पुलावर येतो. अशा ठिकाणी बुडीत पुलांसारखं काढता-घालता येणारं रेलिंग लावतात. ते पावसाळ्याआधी कोण काढणार आणि कोणाच्या घरी ठेवणार, हे आधी ठरवा. काढलेल्या काळात पूल दोन्ही बाजूंनी बंद करायचा, याला अपवाद नाही.

चालायच्या तळावर काँक्रीटऐवजी खडबडीत ठशांची लोखंडी चेकर प्लेट बसवता येते, पण तीही वजनाचा हिशेब करूनच. जुन्या पाट्या ठेवायच्या असतील तर फटी १२ मिलिमीटरच्या आत आणा. त्याहून रुंद फटीत काठीचं टोक आणि कुबडीचा रबर अडकतो. दोन्ही कडांना ७५ ते १०० मिलिमीटर उंचीची पट्टी लावा, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही आणि पांढऱ्या काठीला कड सापडते. तिला जागोजागी खाचा ठेवा, नाहीतर पाणी तुंबून शेवाळ धरेल. जिथं तळ आणि रॅम्प जुळतात तिथला अर्ध्या इंचाचा उंचवटासुद्धा तीनचाकीला अडवतो. तिथं झुकती पट्टी लावा.

टेकायला बाक दोन्ही टोकांना हवा, त्याला हात हवेत आणि जवळ सावली हवी. कडुनिंब लावा. तोवर पत्र्याचं छोटं छप्पर चालेल.

मोटारसायकलींचा प्रश्न निघणारच. पोरं पुलावरून गाडी घालतात म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवायची टूम निघते. ज्या फटीतून तीनचाकी जाते त्यातून मोटारसायकलही जाते, आणि जी फट मोटारसायकल अडवते ती तीनचाकीही अडवते. यातून सुटका करणारा खांब मला तरी कुठं दिसला नाही. आमच्याकडे दोन खांब रोवले गेले आणि रॅम्प असूनही तो भाऊ परत अडकला. शेवटी ग्रामसभेनं ठराव करून मोटारसायकल बंद केली, दंड ठेवला आणि खांबांमधली जागा १२०० मिलिमीटर केली. पोरांशी त्याच भावानं बसून बोलणं केलं. ठरावापेक्षा त्याचाच परिणाम जास्त झाला.

ग्रामसभा आणि पैसा

मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणि पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात आली पाहिजे. आराखडा ऑक्टोबरपासून जमायला लागतो, म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा हातची घालवू नका. त्याआधीच्या महिला सभेत विषय मांडा. पुलाची अडचण बायांना जास्त ठाऊक असते आणि तिथं ती मोकळेपणी बोलली जाते. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं नक्की जमवा, आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना सभेपर्यंत आणायची सोय करा. सभा पायऱ्यांच्या इमारतीत असेल तर अंगणात घ्यायला सांगा.

ठरावात "पुलाची दुरुस्ती" एवढंच लिहू नका. स्ट्रक्चरल ऑडिट, रॅम्प, दोन उंचींचं रेलिंग, पोचरस्ता, दिवे, बाक, असं एकेक नाव घ्या. अंदाजपत्रकात पैसा कमी पडला की आधी गाळलं जातं ते नाव नसलेलं काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४० वं कलम सुलभतेच्या मानकांचं आहे आणि ४१ वं रस्ते व वाहतुकीचं. दोन्हींचा उल्लेख करा. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. अर्जाच्या शेवटी ही ओळ असली की फाईल जरा वेगळ्या हातानं उचलली जाते.

पैशाच्या वाटा अनेक आहेत आणि सहसा दोन-तीन जोडाव्या लागतात. ग्रामीण रस्ते-पुलांच्या दुरुस्तीला जिल्हा परिषदेकडे ३०५४ लेखाशीर्ष, नव्या बांधकामाला ५०५४, गावातल्या मूलभूत सुविधांना २५१५. आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी. गडचिरोलीसारख्या पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याखालच्या गावांत) ग्रामसभेकडे थेट येणारा ५ टक्के अबंध निधी. वित्त आयोगाचा निधी आराखड्याच्या मार्गानं येतो.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. सगळ्यांची नजर आधी याच निधीवर जाते, म्हणून सावध करतो. पंचायतीचं स्वउत्पन्न ६ लाख असेल तर हे ३० हजार होतात. रॅम्प त्यात होत नाही. आणि गावातल्या दिव्यांगांना वर्षाकाठी मिळणारी थेट मदत याच पैशातून असते. पूल सगळ्या गावाचा आहे, त्याचा खर्च त्यांच्या ताटातून काढू नका. त्यांनीच आपणहून पाइपला किंवा बाकाला द्यायचं म्हटलं तर गोष्ट वेगळी.

श्रमदानाचा वाटा खरा आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा खराटा हातात घेऊन गावं झाडत फिरले आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्या मातीत श्रमदानाला माणूस मिळतो. पण कामं वाटून घ्या. पोचरस्ता, झाडोरा काढणं, मुरूम पसरणं, रंग, झाडं ही गावाची. वेल्डिंग, गर्डर, पाया, काँक्रीटचं प्रमाण ही कामं जाणकार मिस्त्री आणि अभियंत्याच्या देखरेखीखालीच.

काम कधी आणि कसं

सोयाबीन निघेपर्यंत हात मिळत नाहीत, आणि कापूस वेचणीला फेब्रुवारीपर्यंत बाया मोकळ्या नसतात. नदीचं पाणी जानेवारीत उतरतं. म्हणून लोखंडाचं काम जानेवारी-फेब्रुवारीत, भराव आणि काँक्रीट मार्चच्या अखेरीपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट घालावंच लागलं तर पहाटे घाला. उन्हाळ्यात किमान दहा दिवस पाणी मारा, गोणपाट अंथरून ओलं ठेवा. पाणी मारायची पाळी घरांची नावं लावून वाटा, कारण ठेकेदाराचा माणूस तिसऱ्या दिवशी दिसत नाही. पृष्ठभाग ओला असतानाच आडवा खराटा ओढा, म्हणजे पाय आणि चाक घसरत नाही. पाणी वाहून जायला एका बाजूला अगदी थोडा कल द्या, ५० ला १, त्याहून जास्त नाही. जास्त कलानं तीनचाकी एका अंगाला ओढते.

ज्यांनी पहिली येरझार केली होती त्यांतले दोघं कामावर रोज नजर ठेवतील असं बघा. आमच्याकडे उतार आखताना मिस्त्रीनं जागा वाचवायला १ ला ९ केला होता. नळीनं लेव्हल धरली तेव्हा सापडलं. काँक्रीट पडायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं. मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीत) नोंद होताना हजर राहा आणि शेवटचं बिल निघण्याआधी तीनचाकी, काठी, गाठोडं, पोटुशी बाई, सगळे एकदा पार होऊन बघा. त्या दिवशी जे अडेल ते ठेकेदाराकडून करून घेता येतं, नंतर नाही.

कामाच्या महिन्यांत लोक कुठून जातील तेही आधी ठरवा. बारावी-दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते. आम्ही त्या दिवसांत अर्धा पूल चालू ठेवला आणि सकाळी दोन जणांना हात द्यायला उभं केलं.

पावसाळ्यानंतर

पहिला पूर गेला की काम संपलं असं समजू नका, तिथून देखभाल सुरू होते. पोळा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहणी ठेवा. तान्हा पोळ्याला लेकरं नंदीबैल घेऊन पुलापर्यंत येतात, तेव्हा सगळं गाव तसंही तिथंच असतं. खांबांच्या पायथ्याची खरवड, टेकणाच्या जागचा गाळ, बोल्ट, रॅम्पच्या भेगा, पाइपवरची नळी, पिवळे पट्टे, दिवा. प्रत्येक गोष्टीचा गेल्या वर्षीच्याच जागेवरून फोटो. वही ग्रामपंचायतीत एक आणि शाळेत एक.

पुलाच्या दोन्ही तोंडाला पाण्याची धोक्याची पातळी लाल रंगात रेखा, रात्री चकाकणारी पट्टी चिकटवा, आणि त्या रेषेला पाणी लागलं की साखळी लावायची जबाबदारी कोणाकडे, त्यांची दोन नावं भिंतीवर लिहा. एक नाव नदीच्या अलीकडचं, एक पलीकडचं. पूर आला की या काठाचा माणूस त्या काठावर जाऊ शकत नाही.

आई आता शनिवारी बाजाराला जाते. रॅम्पनं नाही, पायऱ्यांनीच जाते, डाव्या हातानं पाइप धरून. परतताना पलीकडच्या बाकावर बसते आणि पिशवी उचलायला कोणी येईपर्यंत उठत नाही. तिनं मागच्या पावसाळ्यात सांगितलं, पलीकडच्या तिसऱ्या पायरीवर पाणी साचतं. वहीत ती नोंद आहे. यंदा जानेवारीत ती पायरी करायची आहे.